पाहुणे म्हणू नका

"पाहुणे म्हणू नका त्यांना. पाहुणे परत जातात."

पोपटांचा विषय निघाला की त्या हे म्हणायच्या, आणि म्हणताना समोरच्या माणसाकडे न बघता वर बघायच्या. वर बघायची त्यांना सवयच होती. लिफ्टमध्ये भेटल्या तरी नजर छताला. आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "त्यांच्या मानेला काही त्रास आहे का?" त्रास काही नव्हता. आयुष्यभर झाडांचे शेंडे तपासत हिंडलेली मान होती ती.

शारजात, अल मजाजला, आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या माझ्या दोन मजले वर. मूळच्या पुण्याच्या, शेतकी कॉलेजात शिकलेल्या. दुबईतल्या एका मोठ्या वसाहतीच्या बागा त्यांच्याकडे होत्या. हिरवळ, झाडं, पाण्याच्या नळ्या, माळी, सगळं त्यांच्या हाताखाली. माझी नोकरी दुबईतच ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात, म्हणजे त्यांच्या वाटेवरच. त्यामुळे सकाळी उजाडायच्या आत मी त्यांच्या गाडीत बसायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरी यायचे. दुबई-शारजाचा रस्ता ज्यांनी रोज केला आहे त्यांना सांगायला नको. तेवढ्या वेळात शेजारचा माणूस ओळखीचा होतोच, वर पाठही होतो.

मी त्यांना ताई म्हणायचे. माळी मॅडम म्हणायचे. त्या स्वतःबद्दल फारसं बोलत नसत.

रस्ता सांगायचा झाला तरी झाडांवरून सांगत. "त्या वाळक्या शिरीषापाशी यू-टर्न घे." किराणा घेऊन येणारा माणूस इमारत सापडत नाही म्हणून फोन करायचा, आणि ताई त्याला समजावायच्या, "तीन खजूर लाइन में हैं ना? बीच वाला जिसकी कटिंग एकदम खराब किया है, उसके सामने." शेवटी तो बिचारा मला फोन करायचा.

एवढी झाडं जाणणाऱ्या बाईंच्या बाल्कनीत एक कुंडी नव्हती. तुळससुद्धा नाही. एकदा मी कौतुकाने मनी प्लांट नेऊन दिला, तर दारातूनच परत केला. "घरी काम आणत नाही मी."

इथले पोपट तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडचेच ते, हिरवे, लाल चोचीचे, लांब शेपटीचे. कधीकाळी कुणाच्या पिंजऱ्यातून सुटले, कुणी कंटाळून सोडले. वाळवंटात मरून जायचे ते बागांमध्ये वाढले. बारा महिने पाणी घातलेली झाडं, बोरं, खजूर, बाल्कनीत शेंगदाणे ठेवणारी माणसं, आणखी काय हवं? आता संध्याकाळी त्यांचे थवे उंच इमारतींच्या मधून ओरडत जातात, तेव्हा इथे जन्मलेल्या मुलांना वाटतं की ते पहिल्यापासूनच इथे होते.

ताईंना त्यांचं कौतुक नव्हतं. थंडीत त्यांनी हौसेने लावलेला सूर्यफुलांचा पट्टा थव्याने बघता बघता उभाच्या उभा सोलला होता. ते दुःख त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ म्हणाले, "आपले पोपट बघा, काय मस्त सेटल झालेत इथे!"

"आपले कसे?" ताईंनी विचारलं. "तुम्ही त्यांचा व्हिसा स्पॉन्सर केलात का?"

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. मग त्यांनी ताट हातात धरून त्या गृहस्थांना समजावून सांगितलं, की हे पक्षी ढोल्या बळकावतात, इथल्या छोट्या पक्ष्यांना घरटी करायला जागा उरत नाही, फळं अर्धवट खाऊन टाकून देतात. "माझ्या हातात असतं ना, तर..." हे वाक्य त्या पुरं करत नसत. आमटी निवत होती.

संध्याकाळी गाडी जॅममध्ये अडकली की डॅशबोर्डमधून भाऊजींचा आवाज यायचा. ताईंचे यजमान रिटायर होऊन पुण्याला परतले होते आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या लेखी ते म्हणजे गाडीतला एक आवाज.

"काय जेवलात?"

"कालचंच. कधी येतेस?"

"हा सीझन झाला की."

इथला बागांचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो आणि एप्रिलमध्ये संपतो. मी त्यांच्या गाडीत बसायला लागल्यापासून असे बरेच सीझन झाले होते. "कुठला सीझन ते विचारायचं राहिलं बघ," असं म्हणून भाऊजी फोन ठेवायचे. ताई मग पुढच्या गाडीला उगाच हॉर्न द्यायच्या.

गेल्या थंडीत मात्र त्यांनी कबूल केलं. भाऊजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरत होतं. एप्रिलनंतर ताई जाणार, आणि जाऊनही काम सुटणार नव्हतं. कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून ठेवायचं ठरवलं होतं. पुण्यात बसून आराखडे करायचे, वर्षातून एकदोनदा इथे फेरी मारायची. ताई खुशीत होत्या. त्यांची खुशी ओळखायची खूण म्हणजे त्या सिग्नलला शेजारच्या गाडीला आधी जाऊ द्यायच्या.

त्या वसाहतीत मुलांच्या घसरगुंडीजवळ एक जुना कडुनिंब होता. त्याची एक जाड फांदी पायवाटेवर आलेली. फेब्रुवारीत त्या फांदीच्या बेचक्यात चीर दिसली. ती ताईंनीच पाहिली आणि फांदी काढावी लागेल असा अहवालही ताईंनीच दिला. दिवस ठरला, क्रेन ठरली.

त्या सकाळी शिडीवर चढलेला माळी वरून ओरडला, "मॅडम, अंदर बच्चे हैं!"

ताई स्वतः चढल्या. साठीला टेकलेल्या बाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट. फांदीत एक ढोली होती. मोबाइलच्या उजेडात त्यांनी आत पाहिलं. हे सगळं त्यांनी मला संध्याकाळी गाडीत सांगितलं.

"कशी होती पिल्लं?"

"कुरूप. नुसतं मांस आणि चोच."

"मग?"

"मग काय. खाली उतरले आणि क्रेन परत पाठवली."

त्यांचा मॅनेजर जॉर्डनचा होता. माणूस वाईट नव्हता. त्याने ताईंना ऑफिसात बोलावलं, कॉफी मागवली आणि शांतपणे सांगितलं, की मॅडम, हे इथले पक्षी नाहीत, नुकसान करतात, त्यांची संख्या कमी व्हायला हवी, हे सगळं तुमच्याच प्रेझेंटेशनमध्ये आहे.

"माझंच वाक्य मला ऐकवलं त्याने," ताई म्हणाल्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, प्रेझेंटेशन बरोबर आहे. फांदी आत्ता नाही कापणार. पिल्लं उडाली की त्याच दिवशी कापते."

शेवटी तोड निघाली ती अशी. फांदीला लोखंडी टेकू द्यायचा, पट्टे बांधायचे, पायवाट बंद करायची, आणि काही झालं तर जबाबदारी ताईंची. तसं त्यांनी लिहून दिलं.

त्या दिवशी भाऊजींचा फोन आला तेव्हा आम्ही पुलावर अडकलो होतो.

"पोपटांसाठी लिहून दिलंस?" भाऊजींचा आवाज चढला. "तू? त्या सूर्यफुलांच्या वेळी तर रात्रभर मला झोपू दिलं नव्हतंस फोनवर!"

"पोपटांसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"तुमच्या गोळ्या घेतल्यात का?" ताईंनी विचारलं.

त्यांचा मुलगा अबूधाबीत बँकेत आहे. इथेच वाढलेला. त्याला आईचं मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. शुक्रवारी गाडीतल्या फोनवर तो म्हणाला, "आई, जस्ट कट द ब्रांच. यू आर लीव्हिंग इन टू मन्थ्स. व्हाय इज धिस युवर प्रॉब्लेम?"

"मी शिडीवर चढले म्हणून," ताई म्हणाल्या. "चढले नसते तर प्रॉब्लेम नव्हता."

मला विचाराल तर त्यांनी दिलेलं एवढंच काय ते स्पष्टीकरण.

पुढचे आठवडे त्यांच्या गाडीत बसणं सोपं नव्हतं. त्या मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघायच्या. सुट्टीच्या दिवशीही वसाहतीत चक्कर टाकून यायच्या. तिथे कुणी पायवाट बंद म्हणून भांडायचं, कुणी लावलेली फीत तोडून सायकल घालायचं. पोपटांचं जोडपं तर ताई दिसल्या की डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करायचं. "टेकू मी दिलाय हे त्यांना कोण सांगणार," त्या म्हणायच्या. तेवढ्यापुरता त्यांचा जुना सूर परत यायचा. पिल्लांना पिसं फुटली होती. ढोलीतून डोकी बाहेर काढायला लागली होती. आता थोड्याच दिवसांचा प्रश्न होता.

मार्चअखेरची एक दुपार. आकाश पिवळं झालं होतं आणि रस्त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या उडत होत्या. शाळा लवकर सोडली. ताईंनी मला घेतलं आणि आम्ही शारजाच्या वाटेला लागलो. बरंच पुढे आल्यावर त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि गाडी पहिल्या एक्झिटला वळवली.

"काय झालं?"

"वारा फिरलाय. टेकू त्या बाजूने नाही."

आम्ही पोहोचलो तेव्हा पावसाचे मोठे थेंब सुरू झाले होते. ताई गाडी फाटकाशी तशीच सोडून धावल्या. मी मागोमाग. पायवाटेवरची फीत तुटून वाऱ्यावर फडफडत होती, आणि पाऊस लागू नये म्हणून एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन नेमके त्या कडुनिंबाखाली उभे होते. धाकटं मूल झाडाखालच्या बाकावर चढलं होतं.

"हटो! हटो वहाँ से! मूव्ह! यल्ला, यल्ला!" ताई ओरडत होत्या. त्या गृहस्थांना कळेना. एक भिजलेली बाई हातवारे करत अंगावर धावून येते आहे एवढंच त्यांना दिसत होतं. "अहो, सरका ना!" ताईंनी शेवटी मराठीत किंकाळी फोडली आणि बाकावरचं मूल उचलून बाजूला पळाल्या. तो माणूस दुसऱ्या मुलाला ओढत त्यांच्या मागे गेला, चिडूनच.

मग आवाज झाला. लाकूड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला होता, पण तो इतका मोठा असतो हे माहीत नव्हतं. फांदी बाकावर पडली. बाक राहिला नाही.

कुणाला काही लागलं नाही. त्या गृहस्थांनी ताईंचा हात धरून कितीतरी वेळा आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लेखी तक्रार केली. ती योग्यच होती. बापाने आणखी काय करायचं?

ढोली मधोमध फुटली होती. दोन पिल्लं फडफडत कुंपणाच्या झुडपात शिरली, त्यांचे आईबाप वर ओरडत होते. एक पिल्लू मेलं होतं. एक जमिनीवर डावा पंख लोंबकळवत बसलं होतं आणि जवळ येणाऱ्यावर चोच उगारत होतं. ताईंनी डिकीतून आपलं हेल्मेट आणलं, त्यात ते उचलून ठेवलं आणि हेल्मेट माझ्या मांडीवर दिलं. घरी येईपर्यंत ते मला ओढणीवरून चावत होतं. वायपर पाऊस थांबल्यावरही चालूच होते.

कंपनीने त्यांना पुढच्या महिनाअखेरीस कामावरून मोकळं केलं. सल्लागाराचं काम अर्थातच गेलं. मॅनेजरने या वेळीही कॉफी मागवली. "खलास, मॅडम," असं तो म्हणाला आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, असं ताई म्हणाल्या.

"पण कुणाला लागलं तर नाही ना," मी म्हणाले.

"लागलं असतं. ते मूल किती हलकं होतं, तुला माहीत नाही. मी उचललंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरोबर केलं त्यांनी. मी मॅनेजर असते तर मीही माणूस बदलला असता."

"पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल?"

हे मी विचारायला नको होतं. त्यांनी लेन बदलली आणि घरापर्यंत आम्ही बातम्या ऐकल्या.

पिल्लू त्यांच्या घरी होतं. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा लगदा त्या त्याला चमच्याने भरवायच्या, आणि ते चमच्याइतकंच त्यांच्या बोटालाही चावायचं. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. नाव त्यांनी ठेवलं नाही. मुलाने अबूधाबीहून येताना एक पिंजरा आणला तर त्याच्यावर वैतागल्या. "या पिंजऱ्यांमुळेच तर ही सगळी भानगड झाली." पिंजरा दाराबाहेर चपलांपाशी पडून राहिला आणि पुढच्या खेपेला तो निमूट परत घेऊन गेला.

भाऊजींपासून लपवायचा प्रयत्न झाला, पण जमला नाही. "कोण ओरडतंय गं तिथे?"

"कोणी नाही. टीव्ही आहे."

"मी पुण्यात एकटा राहतो. सकाळ-संध्याकाळ पोपटच ऐकतो. मला नको सांगूस."

जायची तयारी सुरू झाली होती. ऑनलाइन जाहिरात टाकून ताई घरातलं सामान विकत होत्या. आधी सोफा गेला, मग जेवणाचं टेबल, मग कपाटं. मी रोज संध्याकाळी वर जायचे तेव्हा घर थोडं आणखी रिकामं झालेलं असायचं. आणि जसजशी जागा होत गेली तसतसा तो पक्षी उडायला लागला. आधी खिडकीच्या कट्ट्यावरून जमिनीवर. मग हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डावीकडे झुकायचा, वळताना भिंतीला घासायचा, पडायचा. ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या असायच्या, बाकी बसायला काही उरलंच नव्हतं. तो पडला की म्हणायच्या, "उठ." मराठीतच म्हणायच्या. कपाट न्यायला आलेल्या एका फिलिपिनो जोडप्यातल्या नवऱ्याच्या डोक्यावर तो जाऊन बसला, तेव्हा मी त्यांना बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसताना पाहिलं.

शेवटच्या आठवड्यात तो पडद्याच्या दांड्यावरून उठून पूर्ण हॉलला फेरी मारून परत दांड्यावर बसला. ताईंनी टाळी वाजवली नाही की काही नाही. "आता इथे ठेवण्यात अर्थ नाही," म्हणाल्या.

त्या दुपारच्या विमानाने गेल्या. मुलगा येऊन सोडून गेला. मी शाळेत होते. त्यांची गाडी एका तमिळ कुटुंबाने घेतली, ती कधीकधी पार्किंगमध्ये दिसते. मी आता दुसऱ्या एका गृहस्थांबरोबर जाते, ते वाटभर शेअर बाजाराबद्दल बोलतात. भाऊजींचं ऑपरेशन नीट झालं. ताई मेसेज करतात, दोन ओळींचे, खुशालीचे. त्यात झाडांचं काही नसतं.

मला आठवते ती त्या जायच्या आदली संध्याकाळ.

खालिद लगूनच्या काठी बागेत खजुरांची एक रांग आहे. सूर्य बुडायच्या सुमाराला आसपासचे सगळे पोपट तिथे मुक्कामाला येतात. ताईंनी त्याला भांड्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून आणलं होतं. गवतावर खोका ठेवून झाकण उघडलं. तो काठावर चढून बसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ताईंच्या अंगठ्याला एकदा करकचून चावला आणि उडाला.

फारच खालून उडाला. गवताला घासत, डावीकडे झुकत, सरळ पाण्याच्या दिशेने. मला वाटलं, गेला. मग कसाबसा उचलला गेला, वळला आणि एका खजुराच्या झावळ्यांत शिरला. त्यासरशी त्या झाडावर एकच कल्लोळ उठला. दहा-वीस पक्षी भर्रकन बाहेर पडले, पुन्हा आत घुसले.

"हाकलून देतायत का त्याला?" मी विचारलं.

"कळत नाही."

आम्ही उभ्या राहिलो. कारंजी सुरू झाली, मुलं सायकली घेऊन आली, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला गेला. वर कलकलाट चालूच होता. अंधार पडत चालला तसे सगळे पक्षी नुसते काळे ठिपके झाले, कोण कुठला ते ओळखू येईना.

"ताई, तुमची बॅग भरायची राहिलीय."

"थांब जरा."

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. किती वर्षं त्यांच्या शेजारी बसले, त्यांनी कधी मला हात लावला नव्हता. अंगठ्यातून रक्त येत होतं, ते माझ्या बाहीला लागलं.

हळूहळू आवाज उतरत गेला. आधी टोकाच्या झाडांवरचा, मग मधला. शेवटी त्या एका खजुरावरही कुणीतरी शेवटचं काही कुरकुरलं आणि शांत झालं. ताई झाडाच्या बुंध्यापाशी गेल्या. मोबाइलच्या उजेडात गवत तपासलं, बुंध्याभोवती फिरून पुन्हा तपासलं. बागेचा रखवालदार बराच वेळ आमच्याकडे बघत होता. तो जवळ आला.

"मॅडम, कुछ गिरा क्या?"

ताईंनी मोबाइलचा उजेड बंद केला.

"नहीं," त्या म्हणाल्या. "गिरा नहीं."